मुळीत काय आहे, ते कागदावर उमटतं!

वनौषधी पिकवणाऱ्यांनी क्रोमॅटोग्राफीची ओळख का करून घ्यावी?



समजा, यंदा तुम्ही दोन एकर अश्वगंधा केली. म्हणजे आपली आस्कंदच. पावसाने साथ दिली. मुळ्या खणल्या, धुतल्या, बोटाएवढे तुकडे केले, वाळवले, पोती शिवली आणि माल घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभे राहिलात. व्यापारी काय करतो? पोत्यात हात घालतो, एक मुळी काढतो आणि कट्‌कन मोडतो. आत पांढरी, पिठूळ निघाली तर मान डोलावतो. बारीक, पिवळसर निघाली की तोंड वाकडं करतो. "माल हलका आहे, पाहुणं," असं म्हणून भाव सांगतो, वर कडता कापतो तो वेगळाच. तुम्ही दोन शब्द बोलून बघता. पण बोलणार कशाच्या जोरावर? मुळीच्या आत औषधी अंश किती, हे ना त्याला डोळ्यांनी दिसतं ना तुम्हाला.

आता पुढची गोष्ट ऐका. तोच माल दोन-तीन हात बदलून औषधाच्या कारखान्यात पोहोचतो. तिथे कोणी मुळी मोडून बघत नाही. तिथे मूठभर माल प्रयोगशाळेत जातो आणि एक कागद बाहेर येतो. माल खरा की भेसळीचा, त्यात औषधी द्रव्य किती टक्के, हे त्यावर लिहिलेलं असतं. खरा सौदा त्या कागदावर होतो. तो कागद मात्र तुमच्यापर्यंत कधीच येत नाही.

ज्या तपासणीतून तो कागद निघतो, तिचं नाव क्रोमॅटोग्राफी. मराठीत तिला 'वर्णलेखन' असा शब्द आहे. नाव अवघड असलं तरी गोष्ट अवघड नाही. चहाची गाळणी ज्याला समजते, त्याला हीसुद्धा समजेल.

खडूच्या भुकटीतून लागलेला शोध

ही युक्ती काढली मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. झाडाच्या पानात हिरवा रंग एकच असतो की अनेक, हे त्याला बघायचं होतं. त्याने काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासून भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. अर्क खाली झिरपू लागला तसे नळीत वेगवेगळे पट्टे पडले. कुठे हिरवा, कुठे पिवळा. एकजीव दिसणारा रंग आपोआप फाकला. 1906 साली त्याने या पद्धतीला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, त्याचा अर्थ रंगाने लिहिणं. गंमत म्हणजे 'त्स्वेत' या रशियन शब्दाचा अर्थही रंग असाच होतो.

हा प्रयोग तुमच्या गावच्या शाळेतही करता येतो. फळ्याचा एक पांढरा खडू घ्या. बुडापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने ठिपका काढा. बशीत थोडंसं पाणी घालून खडू त्यात उभा करा, ठिपका मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पाणी खडूतून वर चढेल आणि काळ्या ठिपक्यातून निळा, तांबडा, पिवळसर असे रंग सुटे होत जातील. काळा म्हणून जो दिसत होता, तो चार रंगांचा मेळ होता, हे पोरांनाही कळेल. गुरुजींना सांगून एकदा करून बघाच.

हे होतं कसं? गावातून दहा माणसं सकाळी एकाच वेळी बाजाराला निघाली असं धरा. एक जण पारावर बसतो, पुढे हॉटेलात चहा घेतो, ओळखीचा भेटला की उभा राहतो. दुसरा मान खाली घालून सरळ चालतो. तासाभराने बघाल तर दहाही जण रस्त्यावर पांगलेले. औषधी द्रव्यांचंही तसंच. काही द्रव्यांना वाटेतली भुकटी धरून ठेवते, ती मागे राहतात. काहींना द्रावण ओढून नेतं, ती पुढे जातात. प्रत्येकाची चाल वेगळी आणि ठरलेली. त्या चालीवरून माणूस ओळखावा, तसं द्रव्य ओळखायचं. एवढंच त्यातलं शास्त्र.

पट्टी कशी वाचतात?

प्रयोगशाळेत खडूच्या जागी काचेची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असते. तिच्यावर सिलिकाचा पातळ थर दिलेला असतो. तुमच्या मुळीची पूड अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात, त्याचा बारीक ठिपका पट्टीच्या खालच्या कडेजवळ देतात आणि पट्टी द्रावणाच्या भांड्यात उभी करतात. शेजारीच दुसरा ठिपका असतो शुद्ध, खात्रीच्या द्रव्याचा. वजनकाट्यावर जसं शिक्क्याचं माप, तसा हा तपासणीतला मापाचा ठिपका.

द्रावण वर चढून दहा सेंटीमीटर गेलं आणि एखादं द्रव्य चार सेंटीमीटरवर थांबलं, तर त्याचा आकडा 0.4. शुद्ध द्रव्याचा ठिपकाही त्याच पट्टीवर 0.4 लाच थांबला आणि रंगही तोच दिसला, तर ते द्रव्य मालात आहे असं धरायला चांगला आधार मिळतो. बरीच द्रव्ये डोळ्यांना दिसत नाहीत. मग पट्टी अतिनील दिव्याखाली धरतात किंवा तिच्यावर रसायन फवारून तापवतात, की लपलेले ठिपके उमटतात. एकेका वनस्पतीचा ठिपक्यांचा असा नकाशा तयार होतो. सातबारावर अंगठा उठवावा, तसा हा वनस्पतीचा अंगठाच. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात अनेक वनस्पतींची ओळख पटवण्यासाठी ही पट्टीची तपासणी दिलेली आहे.

खोटा माल इथेच सापडतो

औषधी मालात भेसळ किती सहज होते, हे तुम्हाला सांगायला नको. सीता अशोकाची साल स्त्रियांच्या आजारांवरच्या औषधात लागते. ते झाड जंगलात कमी झालं, म्हणून त्याच्या नावाखाली रस्त्याकडेच्या उंच, सरळ खोट्या अशोकाची साल खपवली जाते. वाळवून कुटल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. पट्टीवर मात्र दोन्हींचे अंगठे वेगळे येतात.

गुळवेलीचंही तेच. कोरोनाच्या काळात गावोगाव गुळवेल तोडली गेली. आपली औषधी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे, तिच्या खोडावर पुळ्यांसारखे उंचवटे जास्त असतात. या दुसऱ्या वेलीपासून अपाय होऊ शकतो, ओळख पटवूनच गुळवेल वापरावी, असं आयुष मंत्रालयाने 2022 साली स्पष्ट केलं. इथे प्रश्न केवळ भावाचा राहत नाही, कुणाच्या तरी घरातल्या आजारी माणसाच्या जिवाचा होतो.

आता पुन्हा आपल्या आस्कंदीकडे येऊ. औषधात मुळी वापरायची असते. पण पाला स्वस्त, भरपूर, शिवाय त्यात विदाफेरिन-ए नावाचं द्रव्य मुळीपेक्षा जास्त. मग काही जण मुळीच्या पुडीत पाला मिसळतात. एकूण द्रव्याची टक्केवारी मोजली तर आकडा उलट चांगला येतो! म्हणजे नुसता आकडा फसवतो. पट्टीवर मात्र मुळीत नसणारे पानातले ठिपके दिसतात, पानातलं हरितद्रव्य अतिनील दिव्याखाली लालभडक चमकतं, आणि चोरी उघडी पडते. 2021 साली आयुष मंत्रालयाने औषध उत्पादकांना अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळण्यास सांगितलं आहे. तेव्हा वजन वाढवायला म्हणून पाला, देठ, बुंधा मुळीत राहू देऊ नका. दोन किलोच्या लोभापायी अख्खी गाडी परत येईल.

किती आहे, ते मोठं यंत्र सांगतं

पट्टी मुख्यतः 'कोण' ते सांगते. 'किती' हे नेमकं मोजायला मोठं यंत्र लागतं. त्याला इंग्रजी अद्याक्षरांवरून एचपीएलसी म्हणतात. तत्त्व तेच. फक्त पट्टीच्या जागी बारीक भुकटीने ठासलेली पोलादी नळी आणि द्रावण ढकलायला जोरदार पंप. एकेक द्रव्य नळीतून बाहेर पडतं तसतशी कागदावर शिखरं उमटतात. शिखराने व्यापलेली जागा जितकी मोठी, तितकं द्रव्य जास्त.

सुगंधी तेलांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात. त्यात द्रावणाऐवजी वायू असतो. गवती चहाचं तेल सिट्रालवर विकलं जातं. तेल दिसायला सारखंच, पण सिट्राल कमी निघालं की भाव उतरतो. सांगलीपासून हिंगोलीपर्यंतच्या हळद उत्पादकांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावं. नुसता पिवळेपणा मोजणाऱ्या तपासणीला बाहेरून घातलेला रंगही हळदीचाच वाटू शकतो. क्रोमॅटोग्राफीत मात्र कुरकुमिन आणि त्याची दोन भावंडं वेगळी दिसतात, आणि मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग आपल्या वेगळ्या जागी पकडला जातो.

टक्का शेतातच कमी-जास्त होतो

तुम्ही म्हणाल, "हे सगळं कारखानदारांचं काम, आम्हाला काय त्याचं?" असं नाही. औषधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार होत नाही, ते तुमच्या शेतात तयार होतं आणि बऱ्याचदा तुमच्या खळ्यावर वाया जातं. भुईनिंब ऊर्फ कालमेघ घ्या. त्याचं कडू द्रव्य पानात जास्त, काडीत कमी. फुलोऱ्याच्या सुमारास कापणी केली तर ते भरपूर मिळतं. उशीर केला, पानं गळाली आणि काड्याच पोत्यात भरल्या, तर वजन भरेल, पण टक्का बसेल. तुळस, गवती चहा कडक उन्हात दिवसभर पसरून ठेवले तर तेल हवेत उडून जातं. ओलसर माल पोत्यात दाबला तर बुरशी चढते. आस्कंदीची फळं लाल झाली, खालची पानं सुकू लागली की काढणी, हा साधारण दीडशे ते एकशेऐंशी दिवसांचा हिशेब पाळला पाहिजे.

म्हणून तपासणी फक्त विक्रीच्या वेळी करायची नसते. एका वाफ्यातला माल सावलीत वाळवा, दुसऱ्यातला उन्हात. एक आठवड्याने आधी काढा, एक नंतर. सगळे नमुने एकाच ठिकाणी तपासून घ्या. तुमच्या जमिनीत, तुमच्या बियाण्याला काय मानवतं, ते एका हंगामात समजेल. मुळीची जाडी आणि तिच्यातला औषधी अंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तेव्हाच कळेल.

नमुना चुकला तर सगळं चुकलं

यंत्र कितीही महागाचं असो, तुम्ही मूठभर जे द्याल तेवढ्याचंच ते सांगणार. निवडक, देखणी मुळी पाठवली तर अहवाल देखणा येईल, पण पोत्यातला माल तसा नसला की व्यवहारात तोंडघशी पडाल. म्हणून नमुना असा काढा.

प्रत्येक पोत्यातून वरचा, मधला आणि तळाचा थोडा-थोडा माल घ्या. स्वच्छ कापडावर सगळा एकत्र मिसळा. ढीग सपाट करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग घ्या, उरलेले बाजूला काढा. हाताला येईल एवढा माल उरेपर्यंत असंच करत जा. मग त्याचे तीन सारखे भाग करून कोरड्या कागदी पिशव्यांत भरा. एक प्रयोगशाळेला, एक खरेदीदाराला, एक सीलबंद तुमच्यापाशी. पिशवीवर पिकाचं नाव, वनस्पतीचा कोणता भाग, गट नंबर, काढणीची तारीख आणि सह्या. उद्या वाद झाला तर तिसरी पिशवीच तुमची साक्षीदार. शिवाय लागवडीच्या वेळीच फुलावर आलेली एक फांदी वर्तमानपत्रात दाबून, वाळवून ठेवा. जात नेमकी कोणती, हे वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून तिच्यावरून ठरवून घेता येतं.

अहवालात काय बघायचं?

अहवाल हातात आला की टक्क्याच्या आकड्यावर उडी मारू नका. आधी नमुन्याचा क्रमांक तुमचाच आहे का ते बघा. कोणतं द्रव्य मोजलं त्याचं नाव बघा. कोणत्या पद्धतीने मोजलं ते बघा, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो. प्रयोगशाळेला त्या तपासणीसाठी एनएबीएलची मान्यता आहे का, तेही विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टक्का ओल्या मालावर काढला की कोरड्या, ते बघा. हिशेब करू. शंभर ग्रॅम मालात वीस ग्रॅम पाणी आहे आणि औषधी द्रव्य 0.4 ग्रॅम. ओल्यासकट धरलं तर 0.4 टक्के. पण पाणी वजा केलं तर ऐंशी ग्रॅममध्ये 0.4 ग्रॅम, म्हणजे 0.5 टक्के. माल तोच, आकडे दोन! करारात 0.5 टक्क्याची अट कोरड्या वजनावर असेल आणि कोणी ओल्याचा 0.4 दाखवून माल नापास म्हणत असेल, तर तिथेच बोट ठेवा.

या तपासणीच्या मर्यादाही ओळखून असा. शिसं, पारा यांसारखे जड धातू मोजायला वेगळं यंत्र लागतं. हळदीला चकाकी आणायला कोणी लेड क्रोमेट चोळलं तर ते या पट्टीवर धावत नाही, त्याची धातूसाठीची तपासणी निराळी करावी लागते. कीटकनाशकांचे अंश आणि बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे मात्र क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रांवर हमखास पकडले जातात. तेव्हा काढणीच्या तोंडावर फवारा मारून "कोण बघतंय?" म्हणू नका. यंत्र बघतंय.

नरक्याने दिलेला धडा

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्यासाठी खास दोन शब्द. आपल्या नंदुरबारात 1925 साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ झाले. डॉ. मनरो वॉल यांच्यासह त्यांनी 1966 साली एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळं काढून दाखवलं. त्याच्यापासून पुढे कर्करोगावरची औषधं निघाली. 1972 साली मुंबईच्या गोरेगावातील संशोधन केंद्रातून डॉ. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं, की तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात आहे.

ज्या झाडाला घाण वास येतो म्हणून कोणी विचारत नव्हतं, त्याला अचानक किंमत आली. पण ती कुणाला कळली? परदेशी मालाची मागणी नोंदवणाऱ्याला कळली, दलालाला कळली. डोंगरातल्या माणसाला मजुरीवर झाडं तोडायला लावलं आणि ट्रकच्या ट्रक लाकूड चोरट्या वाटेने खाली उतरलं. सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणचा नरक्या त्यात विरळ झाला. मालात काय आहे हे दुसऱ्याला आधी कळलं आणि गावाला शेवटी, म्हणून हे घडलं.

हे पुन्हा होऊ नये, याची सोय 2002 च्या जैवविविधता कायद्यात आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची वही कपाटात धूळ खात पडली असेल तर बाहेर काढा. शिवारात आणि रानात कोणती वनौषधी आहे, किती आहे, कोण काढून नेतो, ते लिहा. लागवडीची नोंद पीकपाहणीत न चुकता करून घ्या. लागवडीचा माल आणि जंगलातला माल वेगळा दाखवता आला, तरच प्रामाणिक शेतकऱ्याची गाडी नाक्यावर अडणार नाही.

एकट्याला नाही, दहा जणांना परवडतं

तपासणीचा खर्च एकट्याला जड वाटेल. म्हणून दहा-पंधरा जणांनी गट करा, एक जात, एक वेळ, एक पद्धत ठरवा आणि एकत्र मालाचा एक नमुना काढा. जिल्ह्यात औषधनिर्माणशास्त्राचं कॉलेज असेल तर तिथे आधी विचारा. पट्टीची तपासणी त्यांच्या अभ्यासक्रमातच असते, मुलांना खरा माल मिळेल आणि तुम्हाला पहिला अंदाज. करारासाठी मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच अहवाल घ्या. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, लखनौची सीमॅप, गुजरातेत आणंदजवळ बोरियावीचं औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय, ही विचारपूस करण्याची ठिकाणं आहेत. आणि लक्षात असू द्या, खरेदीदार नक्की झाल्याशिवाय, तो कोणतं द्रव्य किती टक्के मागतो हे लेखी घेतल्याशिवाय एक वाफाही लावू नका. सफेद मुसळीच्या लाटेत तोंडी भरवशावर महागडं बियाणं घेतलेल्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

क्रोमॅटोग्राफीमुळे हलका माल भारी होत नाही, पडलेला बाजारही चढत नाही. पण व्यापारी पोत्यात हात घालून मुळी मोडेल, तेव्हा तुम्हाला खिशातून कागद काढून म्हणता येईल, "मोडून काय बघता शेठ, आत काय आहे ते इथे लिहिलंय. आता बोला भाव."